डब्यातला भात : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

२ जून, सोमवार

नवी वही घेतली. हिशेबाच्या वहीत हे लिहिलं तर महिनाअखेर दोन्हीचा काला होईल.

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरातून रोज ३८ डबे जातात. २४ अंबडच्या एमआयडीसीत, ९ इंदिरानगरात एकट्यादुकट्या राहणाऱ्यांना आणि ५ कॉलेजच्या मुलींच्या फ्लॅटवर. मुलींना शनिवारी रात्री पास्ता लागतो, तो वेगळा. गेल्या दोन महिन्यांत सात जणांचा एकच निरोप आला, "ताई, डॉक्टरांनी भात बंद सांगितलाय." त्यातल्या तिघांनी भाताऐवजी चौथी पोळी मागून घेतली. म्हणजे तांदूळ गेला आणि गहू आला. यात नक्की काय साधलं ते मला उमगलेलं नाही.

तीन महिने भाताच्या आणि पास्त्याच्या जागी काय चालतं ते करून बघायचं ठरवलंय. तीन गोष्टी बघायच्या. दुपारी एक वाजता झाकण उघडल्यावर ते खावंसं वाटलं पाहिजे. महिन्याचा दर वाढता कामा नये. आणि डबा परत आल्यावर त्यात किती उरलंय ते. भरवसा या तिसऱ्यावरच. "छान होतं ताई" असं सगळेच म्हणतात आणि घासायला घेतलेल्या डब्यात अर्धी वाटी तशीच निघते.

६ जून, शुक्रवार

चार दिवस काहीही न बदलता फक्त वजन केलं. एका डब्याला ६० ग्रॅम तांदूळ, इंद्रायणी. ३८ डब्यांचा २ किलो २८० ग्रॅम, शिजून साधारण सव्वासहा किलो. त्यातला रोज ९०० ग्रॅमच्या आसपास परत येतोय. मदतीला असणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी काटा बघून कपाळाला हात लावला. "उष्टं मोजणारी बाई पहिल्यांदा पाह्यली." मावशी सटाण्याकडच्या. पंधरा वर्षं भाकऱ्या थापल्यात, त्यामुळे धान्यातलं माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. ते त्या मला विसरू देत नाहीत.

चार दिवसांत खरं दिसलं ते हे: डब्यात तीन पोळ्या म्हणजे १०५ ग्रॅम कणीक, वर ६० ग्रॅम तांदूळ. धान्यावर धान्य. वरण मात्र त्या छोट्या वाटीतलं, त्यातही डाळ कमी नि पाणी फार. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसभरातल्या उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवा असं म्हटलंय. आमचा डबा त्या रेषेच्या बराच पलीकडे आहे, हे मोजायला कॅल्क्युलेटरही लागला नाही.

८ जून, रविवार

सुट्टी. चिरंजीवांना बसवून तक्ते काढून घेतले. हैदराबादच्या त्याच संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते. १०० ग्रॅम कच्च्या धान्यात तंतू किती: पांढरा तांदूळ २.८ ग्रॅम, हातसडीसारखा तपकिरी तांदूळ ४.४, वरईच्या जातीचं सामाई ७.७, ज्वारी १०.२, नागली ११.२, बाजरी ११.५. नागलीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम, तांदळात साडेसात. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे.

उष्मांकाच्या रकान्यात मात्र गंमत आहे. तांदूळ ३५६, बाजरी ३४८, ज्वारी ३३४, नागली ३२१. म्हणजे जवळजवळ सारखेच. भरडधान्य खाल्लं की वजन उतरतं म्हणणाऱ्या माणसाने ते किती खाल्लं ते आधी विचारायला हवं.

दुसरा धक्का पास्त्याचा. मला वाटायचं, पास्ता म्हणजे मैद्याचा गोळा, भातापेक्षा वाईट. रक्तात साखर किती झपाट्याने चढते त्याचा जो ग्लायसेमिक निर्देशांक असतो, त्याच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढरा भात सरासरी ७३, तपकिरी ६८ आणि साधी स्पॅगेटी ४९! पूर्ण गव्हाची ४८. कारण असं की ड्युरम गव्हाचा रवा दाबून घट्ट बनवलेल्या पास्त्यात स्टार्च अडकून राहतो, पचायला वेळ घेतो. तोच पास्ता मऊ लगदा होईपर्यंत उकळला की हा फायदा बराचसा जातो. तेव्हा पास्त्यावरचा राग थोडा आवरता घेते. राग खरं तर त्यावरच्या चीजवर आणि बशीभर मापावर धरायला हवा.

आणि चिकट भातात अमायलोज नावाचा स्टार्च कमी असतो, मोकळ्या फडफडीत तांदळात जास्त. अमायलोज जास्त तो सावकाश पचतो. म्हणजे घोटी-इगतपुरीकडची इंद्रायणी, जिच्या वासावर अख्खं नाशिक जीव टाकतं, ती या बाबतीत मागच्या बाकावरची. हे मावशींना सांगितलं नाही. घरात भांडण नको.

११ जून, बुधवार

गोदाघाटावर बुधवारचा बाजार. पेठकडून आलेल्या एका आजींकडून नागली आणि वरई म्हणजेच भगर घेतली. दुकानातल्यापेक्षा ही वरई मळकट, तपकिरी झाक असलेली. मी विचारलं, अशी का. आजी म्हणाल्या, "दुकानातली दूध पाजल्यासारखी पांढरी अस्ती ना? तिचं सगळं अंगावरचं खरवडून नेलंय." पॉलिश या शब्दाची याहून चांगली फोड मला कुठे सापडलेली नाही. एक मात्र, मळकट वरईत कोंड्यातलं तेल शिल्लक असतं, त्यामुळे ती लवकर खवट होते. पावसाळ्यात तर ओल लागून बुरशी येते आणि अशी बुरशी धरलेली भगर विषारी ठरते. दोन किलोच घेतली. भगरीचं पीठ दळून ठेवायचं नाही, असा नियम भिंतीवर चिकटवला.

रविवार कारंजाजवळून दलिया, जव आणि ज्वारी आणली. ज्वारी दादर, खानदेशातली. ५२ रुपये किलो पडली. भगर १२० च्या घरात. इंद्रायणी मी ६४ ने घेते.

१३ जून, शुक्रवार

भगर, पहिला दिवस. पातेल्यात बघताना जीव सुखावला होता, मऊ, मोकळी. सकाळी सव्वाअकराला डबे भरले. अंबडला एक वाजता उघडले तेव्हा डब्यात भगरीची वडी पडलेली होती. वडी म्हणजे खरोखर वडी. एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला: डबा उलटा धरलाय आणि आतलं खाली पडत नाहीये. खाली लिहिलंय, "ताई, यावर वर्ख लावा."

परत आलं ३ किलो १०० ग्रॅम.

१७ जून, मंगळवार

भगर, दुसरा प्रयत्न. आधी तेलाच्या थेंबावर भाजून, आधण उकळतं घालून, पाणी अडीचपट. वडी थोडी भुसभुशीत झाली, इतकंच. गार झाली की भगर आळतेच. ती उपवासाला ताटात गरम वाढली जाते आणि वर दाण्याची आमटी ओतली जाते, हे उगीच नाही. डब्यातून बाद. मूगडाळ घालून खिचडी केली तर मात्र चालतेय, ती शुक्रवारी पक्की.

मधल्या काळात चिरंजीवांच्या आग्रहाने फ्लॉवरचा भात. फ्लॉवर किसणीवर किसून परतायचा, व्हिडिओत फार देखणा दिसतो. झाकणाखाली दोन तास वाफ धरल्यावर डब्यातून जो वास आला त्यावर डबे पोचवणाऱ्या गणेशने गाडी थांबवून फोन केला की काही खराब झालंय का. पाच डब्यांपुरतंच केलं होतं म्हणून वाचले. यापुढे नोंद नाही.

२० जून, शुक्रवार

आता कण्या. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढे कोणाला सांगायची वेळ आली तर हेच कामाला येईल.

ज्वारीच्या कण्या हा नवा शोध नाही. तांदूळ परवडत नव्हता तेव्हा घरोघरी ताकातल्या कण्याच शिजायच्या. मावशींच्या तोंडून मात्र शब्द आला तो असा: "कण्या खाव लागू नई म्हनूनच पोरास्नी शिकाडं ना ताई. आता तुम्ही डब्बामा पैसे लिसन देत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पहिला प्रयत्न: गिरणीत ज्वारी नेली आणि "जाड भरड द्या" म्हटलं. भरड आली ती निम्मी पीठ, निम्मे तुकडे, वर कोंडा. तशीच चाळून शिजवली. पिठाचा चिकटा सगळीकडे बसला आणि कुकरमध्ये पिठलं झालं. ते डब्यात दिलंच नाही, आम्हीच रात्री ताक घालून खाल्लं. रुचकर होतं, पण भात म्हणून कोणाला दिलं असतं तर मार खाल्ला असता.

दुसरा प्रयत्न मावशींच्या पद्धतीने. एक किलो ज्वारीवर वाटीभर मिठाचं पाणी शिंपडलं, हाताने चोळलं आणि ओल्या पंचात दोन तास बांधून ठेवली. त्यामुळे वरचं साल सैल होतं. मग पंचावर पसरून वरवर सुकवली, खलबत्त्यात हलक्या हाताने कांडली आणि सुपात पाखडली. कोंड्याची सगळी झाक गेली नाही, जायलाही नको, तंतू तिथेच आहेत. नुसती टोचणारी फोलपटं गेली. मग गिरणी. गिरणीवाले म्हणाले, "वहिनी, गव्हाच्या मागोमाग कण्या काढून मिळणार नाहीत, पाट्या मोकळ्या सोडाव्या लागतात. सकाळी पहिल्या नंबरला या." सकाळी आठला गेले. त्यांनी दोन पाट्यांतलं अंतर वाढवलं, मूठभर दाणे सोडले, चिमटीत घेऊन बघितले, पुन्हा पेच फिरवला, पुन्हा मूठभर. एका दाण्याचे तीन-चार तुकडे दिसायला लागले तेव्हा सगळी ज्वारी ओतली.

घरी येऊन दोन चाळण्या लावल्या. किलोच्या ७५० ग्रॅम कण्या, बाकी पीठ आणि थोडा कोंडा. पीठ भाकरीला गेलं. कण्या तासभर भिजवल्या, चारपट पाणी, मीठ, चमचाभर तेल, पाच शिट्या. झाकण लगेच काढायचं नाही. काढल्यावर डावाने ढवळायचं नाही, परातीत पसरून काट्याने मोकळ्या करायच्या. दाणा दाणा वेगळा, मोत्यासारखा नाही म्हणणार मी, मळकट पिवळा आणि दाताखाली थोडा चिवट. पण एक वाजता डबा उघडल्यावर तो सकाळइतकाच मोकळा होता. भगर जिथे हरली तिथे ज्वारी टिकली.

परत आलं २ किलो ४००. लोकांना दोष दिला नाही. वरण तेच, पातळ. भात वरण शोषतो, कण्या शोषत नाहीत. वरण तळाशी आणि कण्या वर कोरड्या.

२४ जून, मंगळवार

कण्यांबरोबर घट्ट आमटी. मंगळवारी चिंचगुळाची, बुधवारी मटकीच्या उसळीचा दाट रस्सा, गुरुवारी कढी. परत आलेलं वजन १ किलो ६००, १ किलो ३००, १ किलो ७५०. रस्सा जिंकला. मिसळीच्या गावात रश्श्यावर काहीही खपतं हे आधीच सुचायला हवं होतं. (बुध-गुरुवारचे आकडे नंतर भरलेत.)

२८ जून, शनिवार

पास्ता, पहिला प्रयोग. माप १०० ग्रॅमवरून ५० वर. पाकिटावरच्या वेळेआधी दोन मिनिटं काढला. त्यात उकडलेले काबुली चणे, ढोबळी मिरची, पालक. पांढऱ्या सॉसऐवजी टोमॅटो-लसूण. नाशिकला टोमॅटो घालताना हात आखडायचं कारण नसतं. मुलींनी डबे चाटूनपुसून परत केले. एकीने चिठ्ठी ठेवली, "मावशी, चीज कुठे गेलं?" आजवर मी सगळ्यांची ताई होते, या पोरींनी चाळिशीनंतर मावशी केलं.

कडधान्याच्या पिठाचा पास्ता मिळतो म्हणे. दुकानात किंमत बघून पाकीट जागेवर ठेवलं. त्याच पैशात चार किलो मटकी येते.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. डबे बंद. घरी भगर आणि दाण्याची आमटी, चुलीवरून थेट ताटात. किती छान लागते! डब्यात तिच्यावर अन्याय झाला, एवढंच.

१० जुलै, गुरुवार

इंदिरानगरच्या काकांचं पान. काका निवृत्त, वय ७१, साखरेच्या गोळ्या सुरू, आणि स्वतःचं ग्लुकोमीटर. स्वतःहून म्हणाले, "अगं, तुझ्या प्रकल्पाला उंदीर लागतोच ना एक? मी आहे." मी अट घातली की आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगायचं. गोळ्या त्याच ठेवून धान्य एकदम कमी केलं तर साखर नको तेवढी खाली येऊ शकते, हे खेळण्यातलं नाही. डॉक्टरांनी होकार दिला, कमी झाल्याची लक्षणं लिहून दिली.

जेवण एक वाजता, दोन पोळ्या कायम, मोजणी दोन तासांनी. काकांचे आकडे:
नेहमीचा भात, ६० ग्रॅम तांदळाचा: २२१, २०८, २१५.
भगर तेवढीच: २०३, २१२.
कण्या: १७६, १८८, १८१.
३० ग्रॅम तांदळाचा भात, दुप्पट डाळीचं घट्ट वरण, जेवणाआधी वाटीभर काकडीची कोशिंबीर: १६८, १७४, १७१.

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. एवढी खटपट करून काढलेल्या कण्यांपेक्षा निम्मा भात सरस? काकांना आनंद झाला, भात सुटला नाही म्हणून. मी जरा हिरमुसले.

तरी सावध लिहून ठेवते. एक माणूस, एक यंत्र. घरगुती ग्लुकोमीटरला १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे माफ असतं, त्यामुळे भात आणि भगर यांच्यातला फरक म्हणजे काहीच नाही. १७१ आणि १८१ मधलाही नाही. पण २१५ आणि १७१ मधला दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही. आधी भाजी आणि डाळ पोटात गेली की मागून येणारा भात सावकाश पचतो, हे त्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलं. आपण मात्र भात वेगळा, शेवटी, पातळ वरणाबरोबर, पोट भरलेलं असताना खातो.

१५ जुलै, मंगळवार

सगळ्यांना निम्मा भात आणि घट्ट वरण सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे आज, अंबडहून फोन. फाउंड्रीत काम करणारे एक दादा. "ताई, दिवसभर बिडाचे तुकडे उचलतो. चारला हात थरथरतात. माझा भात मला परत द्या." आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

चूक माझी. सात जणांना डॉक्टरांनी सांगितलं आणि मी अडतीस जणांचा भात कापला. खुर्चीवर बसणाऱ्याचं आणि बीड उचलणाऱ्याचं ताट एक कसं असेल? उद्यापासून झाकणाला रंग. हिरवा ठिपका: निम्मा भात किंवा कण्या, दोन पोळ्या, जास्त डाळ, कोशिंबीर. ठिपका नाही: पूर्वीसारखा भात, पण वरण सगळ्यांना घट्टच. कोणी काय घ्यायचं ते त्यांनी सांगायचं. ठिपका लावून घेणारे आज १६ निघाले. सातांचे सोळा कसे झाले ते मला ठाऊक नाही, बहुतेक बायकांनी घरून फोन केले.

१९ जुलै, शनिवार

मुलींना पास्त्याऐवजी वरणफळं. पास्त्याला आपल्याकडे तोड काय असा विचार करताना आधी आठवले ते आजीचे बोटवे, नखुले, गव्हले. चिमटीने वळलेले, सुपात वाळवलेले. पण ते रव्या-मैद्याचे आणि खीर होऊन गोडात जाणारे, तेव्हा कौतुक करून बाजूला ठेवले.

वरणफळांत पौष्टिक होण्याची सगळी सोय आधीच आहे: कणीक, डाळ आणि भाजी एकाच पातेल्यात. कणकेत नागलीचं पीठ मिसळलं. निम्मं घातलं तेव्हा लाटतानाच कडा फाटल्या आणि आमटीत तुकडे विरघळले. नागलीत चिवटपणा धरणारं ग्लुटेन नसतं. तीन भाग कणीक, एक भाग नागली एवढंच झेपतं. हळद, तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट मळली, जाडसर लाटून शंकरपाळ्यासारखी कापली आणि रटरट उकळणाऱ्या आमसुलाच्या आमटीत एकेक करून सोडली. एकदम सगळी टाकली की एकच मोठं फळ हाती येतं. शेवग्याच्या शेंगा, गाजर, वरून लसणाची फोडणी.

निरोप असे आले. सोलापूरची मुलगी: "या चकोल्या आहेत, वरणफळं काय म्हणता." अकोल्याची: "वरणफळंच." गुजराती मुलगी: "ही तर दाळढोकळी." तिघींचं भांडण रात्री अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर चालू होतं. परत काही आलं नाही. पुढे एका शनिवारी फळं, एका शनिवारी पास्ता.

२३ जुलै, बुधवार

मावशींनी विचारलं, शिळा भात गुणाचा असतो म्हणतात ते खरं का. थोडं खरं. शिजलेला भात गार झाला की त्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि सहज पचत नाही, त्यामुळे साखर थोडी कमी चढते. पण भात बाहेर ठेवला की शिजवूनही न मरणारे जिवाणूंचे बीजाणू त्यात वाढीला लागतात आणि त्यांनी केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. घरी वेळेत फ्रिजमध्ये ठेवून सकाळी फोडणी दिली तर ठीक. ३८ लोकांच्या डब्यात मी शिळा भात देणार नाही, गुण असो की नसो.

४ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. अर्धे डबे उपवासाचे. साबुदाण्याऐवजी भगर-शेंगदाण्याची खिचडी, पातळसर, ताकाची बाटली वेगळी. वडी पडली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याच्यापुढे भगर बरीच शहाणी. तरी नऊ जणांनी साबुदाणाच मागितला. उपवासाच्या दिवशी मी कोणाशी वाद घालत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

तिसरा सोमवार. गणेश ब्रह्मगिरीच्या फेरीला गेला. डबे मी आणि चिरंजीवांनी पोचवले. मोजमाप नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जव. रात्रभर भिजवून, तिप्पट पाण्यात, सहा शिट्या. तक्त्यात जवाचा निर्देशांक २८, धान्यांत सगळ्यात खाली. टपोरा, गुळगुळीत, चावायला मजा येते. टोमॅटो घालून मसालेभातासारखा केला तर उत्तम लागतो. पण "बार्ली म्हणजे आजारी माणसाचं पाणी" हे लोकांच्या डोक्यातून निघत नाही, एकाने तब्येत विचारणारा फोन केला. हिरव्या ठिपक्यात महिन्यातून दोनदा.

दलिया: काही लिहिण्यासारखं बिघडलंच नाही. भाज्या घालून खिचडी होते, एक वाजताही मोकळी असते, लोक खातात. गहूच आहे, म्हणून त्या दिवशी पोळी एकच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हिशेब. एका डब्यामागे पूर्वीचा भात ३ रुपये ८४ पैसे. आता हिरव्या ठिपक्याच्या डब्यात निम्मा तांदूळ १ रुपया ९२ पैसे, १५ ग्रॅम जादा तूरडाळ १ रुपया ८८ पैसे, मिळून ३ रुपये ८० पैसे. चार पैसे वाचले, अक्षरशः! एक पोळी कमी म्हणून १ रुपया ४० सुटले, कोशिंबिरीचे २ रुपये वाढले. एकूण ५६ पैसे जास्त. दर वाढवत नाही.

कण्यांच्या दिवशी धान्याचा खर्च कमीच आहे, पण पाखडणं, गिरणी, दोन चाळण्या मिळून मावशींचे दीड तास जातात. त्याचे आठवड्याला ३०० जादा ठरवले. मावशी आधी नको म्हणाल्या, मग चारशे म्हणाल्या, साडेतीनशेला जमलं.

३० ऑगस्ट, शनिवार

या आठवड्यातली परत आलेली सरासरी: भात २१० ग्रॅम, कण्यांच्या दिवशी ४०० ग्रॅम. ठिपकेवाले आता १९. गणपती आहेत, मोदकांच्या उकडीला तांदळाचं पीठ लागलंच, त्याला ठिपका लावायचा नाही असं काकांनी आधीच बजावलंय.

फाउंड्रीतले दादा आज स्वतः डबा द्यायला घरी आले. भात त्यांना पूर्ण हवाच, पण बुधवारच्या रश्श्याबरोबर थोड्या कण्या वेगळ्या वाटीत मिळतील का, आई गावाला करायची. वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: बुधवार, अधिक एक वाटी.

सप्टेंबरची ऑर्डर: दादर १५ किलो, तूर १२, मटकी ५, इंद्रायणी ३५. गिरणी सोमवारी सकाळी आठला, पहिला नंबर.